काळी शौच : उष्णता नव्हे, रक्तस्राव!

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून गोळ्या आणायच्या, उपाशीपोटी घ्यायच्या आणि रानात जायचे, असे आपल्याकडे सर्रास चालते. काही दिवसांनी शौचाला डांबरासारखी काळी, चिकट व घाण वासाची होऊ लागते. घरातले म्हणतात, ‘उष्णता झाली, ताक प्या.’ इथेच घोटाळा होतो. ही उष्णता नसून पोटात रक्तस्राव होत असतो. रक्त आतड्यातून जाताना काळे पडते. कधी लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटीही होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. मात्र त्यासोबत चक्कर, घाम, धडधड असल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

कारणे कोणती?

दोष शेंगाचटणीला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक अल्सर वेदनाशामक गोळ्यांमुळे किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतात. हा जंतू शोधणाऱ्या मार्शल व वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दारूने यकृत निकामी झाल्यास अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटतात. हा रक्तस्राव फार जोराचा असतो.

दुर्बिणीचा उपचार

पूर्वी अशा रुग्णाचे पोट उघडावे लागे. आता आधी सलाईन, गरजेनुसार रक्त व आम्ल कमी करणारे इंजेक्शन देतात. मग साधारण २४ तासांच्या आत तोंडावाटे लवचिक दुर्बीण जठरात उतरवतात. शिरा फुटल्याची शंका असल्यास ही घाई १२ तासांची असते. वाहती जखम दिसताच तिच्याभोवती ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन देऊन चिमटा लावतात किंवा उष्णतेने ती बंद करतात. फुगलेल्या शिरांना रबरी कडी घालतात. बहुतेकांचे रक्त असे टाका न घालता थांबते.

आपण काय करावे?

मैंदर्गीहून अक्कलकोटमार्गे सोलापूर गाठण्यात वेळ जातो. म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णाला कुशीवर झोपवा. ताक, पाणी, काढा काहीही देऊ नका. रक्तपेढी व दुर्बीण दोन्हींची सोय कोठे आहे, हे आधी विचारून घ्या. चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्या. हृदयासाठीची ॲस्पिरिन चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि गुडघेदुखीची गोळी? ती डॉक्टरांना विचारूनच घ्या, तीही जेवणानंतर.