ओल यावी तसा येणारा आजार

काही आजार दार ठोठावून येतात. काही मात्र भिंतीला ओल यावी तसे येतात. नेमके कधी आले, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. ‘शार्को-मारी-टूथ’ हा त्यांतलाच. फ्रान्सचे शार्को व मारी आणि इंग्लंडचे टूथ या डॉक्टरांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. दातांशी त्याचा काही संबंध नाही. हातापायांच्या मज्जातंतूंचा हा आनुवंशिक विकार सुमारे अडीच हजारांत एकाला होतो. आई किंवा वडिलांना असला, तर त्याच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

सुरुवात पायांपासून होते. पाऊल नीट उचललं जात नाही, चप्पल निसटते, उंबऱ्याला ठेच लागते. पिंढऱ्या बारीक होतात. मग पाळी हातांची: गुंडी, किल्ली, पेन.

मी बँकेत असताना एक मास्तर आमचे खातेदार होते. वडिलांकडून हा आजार त्यांच्याकडे आलेला. धनादेशावरची सही जुळेनाशी झाली, की ते नव्यानं नमुना सही द्यायला येत. एकदा जुन्या-नव्या चार सह्या शेजारी ठेवून ते हसत म्हणाले, “साहेब, डॉक्टरांपेक्षा तुमच्या दप्तरात माझी नोंद चांगली आहे!”

वैद्यकशास्त्राची अडचण मास्तरांनी नेमकी सांगितली होती. हाताच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर वेगानं धावतो. या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात हा वेग २०च्या आसपास असतो. पण तो लहानपणीच मंदावतो आणि पुढे फारसा बदलत नाही. शक्ती मात्र ओसरतच राहते. कारण वेग ठरतो तंतूवरच्या मायलिनच्या आवरणानं, आणि बळ जातं ते आतला तंतू झिजल्यानं. यंत्रावरचा आकडा तोच राहतो, जिना मात्र दरवर्षी उंच होत जातो.

या प्रकाराचं मूळ १९९१ मध्ये सापडलं: सतराव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा दुप्पट झालेला असतो. पुढे क जीवनसत्त्व देऊन पाहिलं. उपयोग झाला नाही. त्यातही गंमत अशी, की ज्यांना ते दिलं नव्हतं तेही दोन वर्षांत फारसे खालावले नव्हते! इतका संथ आजार मोजायचा कसा? आता पिंढरीच्या स्नायूत किती चरबी शिरली, हे एमआरआयनं मोजता येतं. हा आकडा वर्षभरातही हलतो, त्यामुळे नव्या औषधांची परीक्षा घेणं सोपं होईल.

तोवर व्यायाम, पावलाला आधार देणारी पट्टी आणि घरची वही. किती पायऱ्या चढता आल्या, गुंड्या लावायला किती वेळ लागला, हे तारखेसह लिहून ठेवावं. आणि सोयरिकीच्या भीतीनं आपल्या घरात हा आजार झाकून ठेवतात, ते सोडावं. कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिनसारखं औषध अशा रुग्णाचे हातपाय झपाट्यानं निकामी करू शकतं. घराण्याचा इतिहास डॉक्टरांना आधी ठाऊक असला, तरच ते टळतं.