दवाखान्याच्या दारात

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी बेदम मारहाण केली. रुग्णाच्या डोक्याला मार होता. त्यावर उपचार करणारा तज्ज्ञ येथे नसल्याने त्याला दुसरीकडे न्यावे लागेल, असे सांगण्यावरून वादाला तोंड फुटले. राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि शासनाने सुरक्षारक्षक देण्याचे मान्य केले. तज्ज्ञ नसणे हा व्यवस्थेचा दोष. त्याचे प्रायश्चित्त मात्र पाळीवर सापडलेल्याला घ्यावे लागले!

असे काही घडले की कडक कायद्याची मागणी होते. परंतु महाराष्ट्रात असा कायदा २०१० पासून आहे. डॉक्टर, परिचारिका व अन्य वैद्यकीय कर्मचारी यांच्यावरील हल्ला त्यान्वये दखलपात्र व अजामीनपात्र ठरतो. ३ वर्षांपर्यंत कारावास, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई, अशी तरतूद आहे. तरीही हात उगारले जातातच. आत मुलगा अखेरच्या घटका मोजत असता कोणता बाप कायद्याची कलमे आठवील? कायदा मारहाणीनंतर येतो. विचार करावयाचा तो तिच्या आधीच्या दोन तासांचा.

त्या दोन तासांत बाहेर बाकावर बसलेल्यांना कोणी काही सांगत नाही. ‘साहेब येतील, बसा,’ एवढेच उत्तर. खासगी रुग्णालयात अनामत रक्कम घेणारी खिडकी तेवढी तत्पर असते. (हे डॉक्टरमंडळींना रुचणार नाही, पण खरे आहे.) रोष साठत जातो आणि त्याचा पहिला तडाखा बसतो तो केसपेपर काढणाऱ्या मुलीला, परिचारिकेला, कंपाउंडरला. त्यांनी ऐकलेल्या शिवीगाळीची नोंद कोठेच होत नाही. वास्तविक मारहाणीची पूर्वसूचना तीच असते. ती वहीत उतरली, वरिष्ठांनी त्याच पाळीत वाचली आणि लगेच बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलले, तर पुष्कळ प्रसंग तेथेच निवतील.

शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचे पद आहे. नातेवाइकांना ठरावीक वेळाने रुग्णाची स्थिती सांगण्याचे काम रात्रपाळीतही त्या पदाकडे का देऊ नये? मृत्यूची वार्ता व्हरांड्यात उभ्याउभ्या, तीही नवख्या डॉक्टरकडून दिली जाते, हे तर ताबडतोब थांबले पाहिजे. ते काम ज्येष्ठांचे आहे. नातेवाइकांना खोलीत बसवून, त्यांच्या भाषेत करावयाचे आहे. लहान दवाखान्यांत डॉक्टरांचे टेबल दारापासून दूरच्या कोपऱ्यात असते. मध्ये माणसे उभी राहिली की वाट बंद! टेबल दाराकडे सरकवावयास आणि हाताशी एक घंटा बसवावयास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. रात्री दवाखान्यात एकट्या मुलीला ठेवू नये, हेही मालक डॉक्टरांना कायद्याने सांगावे लागावे काय?

राहता राहिले सुरक्षारक्षक. ते हवेतच; पण धुळ्यात जो तज्ज्ञ नव्हता, त्याची जागा रक्षक कशी भरून काढणार, याचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे.