विजयदुर्ग – किल्ला, खाडी आणि विजेचा प्रश्न

वाघोटन खाडी अरबी समुद्राला मिळते त्या मुखावर, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात विजयदुर्ग वसले आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील तळेऱ्याहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता इथे येऊन संपतो. वर जांभ्याचा सडा, उतारावर हापूसच्या बागा, खाली खाडी आणि काठाने खारफुटी असा हा परिसर आहे. गावाची उपजीविका मासेमारी, आंबा आणि किल्ला पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर चालते.

किल्ल्याची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे, बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधिकाळात नेली जाते. जुने नाव घेरिया. 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, विजयदुर्ग असे नाव दिले आणि तिहेरी तटबंदी बांधून त्याचा विस्तार केला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे एक मुख्य ठाणे झाले. जवळच गिर्ये येथे खाडीकाठी खडक कोरून केलेली सुमारे 355 फूट लांब आणि 227 फूट रुंद अशी आरमारी गोदी आहे. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या बाजूने वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्र आणि जमीन अशा दोन्ही बाजूंनी हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. किल्ला पुढे पेशव्यांकडे आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. विजयदुर्ग त्यांपैकी एक आहे.

आज किल्ल्याचे आणि भोवतालच्या परिसराचे रक्षण अनेक कायदे करतात. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगी लागते. किनाऱ्याला किनारपट्टी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना लागू आहे. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतची जमीन तिच्या कक्षेत येते आणि खारफुटी सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात मोडते. सड्यावरचा चिरा आणि खाडीतली वाळू ही गौण खनिजे आहेत. त्यांचे परवाने जिल्हाधिकारी आणि महसूल खाते पाहतात. मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली मंजुरी घ्यावी लागते, आणि बहुतेकांसाठी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास जनसुनावणी होते.

या परिसराची मोठी कसोटी खाणीने नव्हे, विजेने घेतली. केंद्र सरकारने 2005-06 मध्ये अतिविशाल वीजप्रकल्पांची योजना आखली. प्रत्येकी सुमारे 4000 मेगावॉटच्या या प्रकल्पांसाठी निवडलेल्या जागांत गिर्ये होते आणि त्यासाठी ‘कोस्टल महाराष्ट्र मेगा पॉवर’ ही कंपनीही स्थापन झाली. कोळसा जहाजाने येणार आणि यंत्रे थंड करायला समुद्राचे पाणी वापरले जाणार, म्हणून जागा किनाऱ्यावरची होती. बागायतदार आणि मच्छीमार यांनी विरोध केला. हापूसचा मोहोर हवेतील बदलाला नाजूक असतो, राखेची धूळ पानांवर बसते आणि प्रकल्पातून परत सोडलेले गरम पाणी खाडीतील मासळीला मारक ठरते, ही त्यांच्या विरोधाची कारणे. नंतर देवगड तालुक्यातीलच मुणगे या गावाचा पर्याय पुढे आला. तिथेही विरोध झाला.

अशा विजेला आज नवा ग्राहक मिळाला आहे. बिटकॉइनसारखे आभासी चलन मिळवण्यासाठी हजारो संगणक रात्रंदिवस आकडेमोड करतात. या कामालाही मायनिंग, म्हणजे खाणकामच म्हणतात. त्यात जमीन खणली जात नाही, पण वीज लागते आणि यंत्रे गार ठेवणाऱ्या पंख्यांचा आवाज होतो. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार बिटकॉइनच्या जाळ्याला अलीकडे वर्षाला 100 अब्ज युनिटांहून अधिक वीज लागते. गिर्ये येथे योजलेल्या प्रकल्पाएवढे तीन प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले, तर जेमतेम तेवढी वीज निघेल.

हा भार स्थानिक संस्थेच्या अंगावर कसा येतो, हे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील प्लॅट्सबर्ग या छोट्या शहराने दाखवले. त्या शहराला स्वस्त जलविद्युत ठरावीक प्रमाणात मिळते. मायनिंग करणाऱ्यांनी ती इतकी वापरली की हिवाळ्यात शहराला बाहेरून महाग वीज घ्यावी लागली आणि घरोघरची बिले वाढली. नगरपरिषदेने मार्च 2018 मध्ये अशा नव्या व्यवसायांवर 18 महिन्यांची स्थगिती आणली.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीच्या हाती अशी थेट सत्ता नाही. भारतात आभासी चलनाच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे, पण तो पर्यावरणाचा नियम नव्हे. 2006 च्या अधिसूचनेच्या यादीत संगणकांचे असे केंद्र स्वतंत्रपणे येत नाही. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तरच ते इमारत म्हणून मंजुरीच्या कक्षेत येते. उरतात बांधकाम परवाना, वीजजोडणी आणि 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम. निवासी भागात त्यांची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. म्हणजे वीज कुठे तयार होते याला कडक कायदा लागतो, आणि ती कशासाठी जाळली जाते याला जवळजवळ काहीच नाही.

विजयदुर्गाच्या परिसरापुरता हा हिशोब आजवर जमिनीच्या बाजूने लागला आहे. गिर्ये आणि मुणगे येथे वीजप्रकल्प उभा राहिला नाही. देवगडच्या हापूसला मात्र 2018 मध्ये कोकणातील अन्य जिल्ह्यांच्या हापूससोबत भौगोलिक निर्देशांक मिळाला.