फुस्तातच्या चिंध्या

मध्ययुगात गुजरातेत छापलेलं सुती कापड पाहायचं तर गुजरातेत जाऊन फारसं काही हाती लागत नाही. त्याचे बाराशेच्या वर तुकडे आहेत ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात, आणि तिथे ते पोचले इजिप्तमधून. आपल्याकडे दमट हवा आणि कसर आहेच. पण कापडाची खरी वैरीण आपली काटकसर. लुगडं विरलं की गोधडीत, गोधडी विरली की पोतेऱ्यात.

जुन्या कैरोतलं फुस्तात ११६८ साली जाळलं गेलं. पुढे त्याच्या ओसाड भागात कैरोचा कचरा पडत राहिला आणि तिथल्या कोरड्या मातीने तो जपला. आपले तुकडे त्यातलेच. ते कैरोच्या दुकानदारांकडून अभ्यासकांकडे आल्याने कुठला कोणत्या थरात सापडला, हे कायमचं हरवलं. फिस्टर या अभ्यासकाने १९३८ मध्ये नक्षीवरून त्यांचं नातं गुजरातेशी जोडलं. पुढे कार्बन चाचणीत काही तुकडे थेट दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे गेले. सुताचा पीळही बोलतो: इजिप्तच्या लिननचा एका अंगाला, भारतीय सुताचा उलट.

हा माल राजेरजवाड्यांचा असेल अशी आपली समजूत. तुकडे वेगळंच सांगतात. पुष्कळसं सूत जाडंभरडं, छपाई घाईची. शिवण, रफू, ठिगळं दिसतात. समुद्र ओलांडून गेलेलं हे कापड साध्या माणसांनी अंगावर झिजवलेलं होतं. मला ते मलमलीच्या कौतुकापेक्षा मोलाचं वाटतं.

स्वस्त असलं तरी त्यामागचं ज्ञान स्वस्त नव्हतं. सुताला लाल रंग सहजासहजी धरत नाही. कच्छचे खत्री छपाईकार आजही कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. ते पिवळट होतं. मग एका ठशाने तुरटीची खळ, दुसऱ्याने गूळ-पाण्यात गंजलेलं लोखंड आंबवून केलेली. लोखंड हिरड्याला भेटलं की काळं उमटतं. तुरटीच्या जागी मात्र अजून काहीच दिसत नाही. कापड मंजिष्ठेत किंवा आल या झाडाच्या मुळीत उकळलं की तिथे लाल चढतो. नक्षी ठशाने रंगवायची नसते, रंगाला जागा नेमून द्यायची असते. निळीच्या वेळी उलटा खेळ: पांढरं राखायचं तिथे डिंक-चुन्याचा लेप, आणि मग नीळ.

फुस्तातसारख्याच नक्षीची गुजराती कापडं इंडोनेशियात सुलावेसीच्या तोराजांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात जपली, विधींच्या वेळी बाहेर काढली. कैरोत जे उकिरड्यावर गेलं, ते तिथे पूजनीय.

आणि इकडे, छपाईला पाणी लागतं म्हणून, छापणाऱ्यांची घरं पाण्याच्या काठाने हलत आली. २००१ च्या भूकंपानंतर कच्छच्या धमडक्याचं पाणी बिघडलं, त्यात लोह वाढलं. लोखंडाची खळ खत्री स्वतःच घालतो, पण हव्या त्याच जागी. पाण्यातूनच लोह आलं की लाल काळवंडतो. तेव्हा बरीच खत्री घरं भूजजवळ नव्या पाण्यावर गेली आणि त्या वस्तीचं नाव पडलं अजरखपूर, म्हणजे अजरख छपाईचं गाव.