खानदेशातील भूजल : उपसा व पुनर्भरण

जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या (१९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा धरून) भूपृष्ठाखालील खडकांत व गाळाच्या थरांत साठलेले पाणी म्हणजे खानदेशातील भूजल होय. तापी खोऱ्यातील या प्रदेशात जळगावला सु. ७०० मिमी. व धुळ्याला सु. ६०० मिमी. पाऊस दरवर्षी सरासरीने पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत शेतीचा व गावांच्या पाणीपुरवठ्याचा मोठा भार भूजलावर असतो. भूगर्भातील कोणताही द्रव बाहेर काढण्याचे तंत्र तो ज्या थरात असतो त्या थराच्या रचनेवर अवलंबून असते. खानदेशात भिन्न गुणधर्मांचे तीन प्रकारचे थर शेजारी-शेजारी आढळतात. त्यामुळे उपसा व पुनर्भरण (पाणी भूगर्भात परत मुरविणे) या दोन्ही क्रियांसाठी येथे एकच पद्धत सर्वत्र लागू पडत नाही.

भूरचना : तापीच्या दक्षिणेकडील बहुतेक भाग आणि धुळे जिल्ह्याचा मोठा भाग दक्षिण ट्रॅपच्या काळ्या खडकाने (बेसाल्टने) व्यापलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. घट्ट बेसाल्टात पाणी साठण्यास जागा जवळजवळ नसते. पाणी सापडते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत, तसेच दोन थरांच्या सांध्याजवळच्या सच्छिद्र भागात. धुळे, साक्री व नंदुरबार या परिसरात बेसाल्टाला छेदून गेलेल्या, बहुधा पूर्व-पश्चिम दिशेच्या भिंतीसारख्या अग्निज राशी (भित्ती) पुष्कळ आहेत. घट्ट भित्ती भूजलाच्या वाटेत बांधासारखी आडवी येते व तिच्या चढाकडील बाजूच्या विहिरींना पाणी चांगले लागते. भेगाळलेली भित्ती मात्र स्वतःच पाणी वाहून नेते.

दुसरा प्रकार तापीच्या गाळाचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या विभंगांमुळे (खडक तुटून सरकल्याने पडलेल्या मोठ्या भेगांमुळे) खचलेल्या लांबट द्रोणीत नदीने वाळू, रेती व चिकणमाती यांचे थर साचविले. त्यांची जाडी काही ठिकाणी २०० मी. हून अधिक आहे. चोपडा, यावल, रावेर, भुसावळ, अमळनेर व शिरपूर या तालुक्यांत हा गाळ पसरलेला आहे. वाळूचे थर पाणी देतात, तर त्यांच्यामधील चिकणमातीचे थर वरून येणारे पाणी अडवितात.

तिसरा प्रकार म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यालगतचा बझाडा पट्टा. सुकी, मोर, गूळ, अनेर यांसारख्या नद्या डोंगरातून सपाटीवर उतरताना मोठे गोटे, रेती व वाळू येथे टाकतात. या पट्ट्याची पार्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) मोठी असल्याने नाल्याचे पाणी वेगाने मुरते. येथील भूजल खोल असले, तरी खालच्या गाळातील जलधर थरांना पाणी पुरविणारे मुख्य प्रवेशद्वार हाच पट्टा आहे.

उपशाच्या पद्धती : बेसाल्टाच्या प्रदेशात रुंद व उघडी विहीर ही जुनी पद्धत असून ती शास्त्रदृष्ट्याही योग्य आहे. भेगांमधून पाणी हळूहळू झिरपत असल्यामुळे रात्रभर साठून राहण्यास रुंद विहीर उपयोगी पडते. पाणी कमी पडू लागल्यावर विहिरीच्या तळाशी चहूबाजूंना आडवे बोअर घेऊन अधिक भेगा जोडतात. १९७२-७३ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या हातोडीच्या छिद्रणयंत्रांचा प्रसार झाला. या यंत्राची हातोडी छिद्राच्या तळाशीच आघात करते व हवेच्या झोताने खडकाचा चुरा वर येतो. अशी विंधन विहीर अल्पावधीत तयार होते, परंतु तिच्यात साठा फार थोडा मावतो आणि तिला भेग न लागल्यास ती कोरडीच राहते.

गाळाच्या प्रदेशात छिद्राच्या बाजू ढासळतात. त्यामुळे तेथे फिरत्या पात्याने छिद्र घेताना त्यात चिकणमातीचे दाट पाणी खेळते ठेवतात. ते बाजूंना आधार देते व चुराही वर आणते. नंतर नळ उतरवून वाळूच्या थरांसमोर खाचांचे नळ बसवितात, भोवती निवडक रेती भरतात आणि हवेच्या दाबाने कूपनलिका धुऊन काढतात. खाचांचे माप चुकल्यास पाण्याबरोबर बारीक वाळू येऊन पंप झिजतो. बझाड्यातील मोठ्या गोट्यांत फिरते पाते अडकत असल्याने जड छिन्नी वर उचलून आदळण्याची जुनी पद्धत तेथे सोयीची ठरते. पाणी उचलण्याचे काम मोटेकडून तेल इंजिनाकडे, तेथून विद्युत् पंपाकडे आणि अखेरीस नळातच बुडून चालणाऱ्या पाणबुडी पंपाकडे आले.

खनिज तेलाशी तुलना : सच्छिद्र थरातील प्रवाहाचा मूलभूत नियम आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. त्यानुसार प्रवाह हा थराची पार्यता व दाबातील उतार यांच्या सम प्रमाणात असतो. तेल अभियांत्रिकीत याला द्रवाच्या श्यानतेची (दाटपणाची) जोड द्यावी लागते. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील बलोल व सांथाल या क्षेत्रांतील तेल इतके दाट आहे की, ते सहजासहजी विहिरीकडे वाहत नाही. म्हणून तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने तेथे थरात हवा सोडून तेलाचा काही भाग भूगर्भातच जाळण्याची व त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ करण्याची पद्धत १९९७ पासून व्यापारी प्रमाणावर वापरली. पाण्याची श्यानता अल्प असल्याने असा खटाटोप लागत नाही. पंप सुरू करताच ते विहिरीकडे धावते. तेलक्षेत्रात अभियंत्यापुढे प्रश्न असतो तो अधिकाधिक तेल कसे काढावे हा, तर भूजलाबाबत काढलेले पाणी परत कसे भरावे हा. तेलाचा साठा मानवी कालमानात पुन्हा तयार होत नाही. भूजलाचा होऊ शकतो. मात्र उपसा पुनर्भरणाच्या मर्यादेत नसेल, तर पाण्याची विहीरही खाणीसारखीच संपते.

उपशाचे परिणाम : रावेर, यावल व चोपडा हा केळीचा प्रसिद्ध पट्टा आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीस हवामानानुसार वर्षाला सु. १,२०० ते २,२०० मिमी. पाणी लागते, म्हणजे पावसाने मिळणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ दुपटीहून तिपटीपर्यंत. ही तूट मुख्यत्वे कूपनलिकांनी भरून काढली. रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या अनेक शासकीय मूल्यांकनांत अतिशोषित, म्हणजे वार्षिक उपसा उपलब्ध पुनर्भरणाच्या शंभर टक्क्यांहून अधिक असलेले, असे नोंदले गेले आहेत.

उपसा चालू असताना विहिरीभोवतीची भूजल पातळी उलट्या शंकूच्या आकारात खाली जाते. खोल कूपनलिकेच्या शंकूत शेजारची उथळ विहीर सापडली की ती प्रथम कोरडी पडते. त्यामुळे अतिशोषणाची झळ सर्वांना सारखी बसत नाही. ज्यांना छिद्र आणखी खोल नेणे परवडते त्यांचे पाणी काही काळ टिकते. अल्पभूधारकाची विहीर व गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर मात्र आधी आटते. पाणी जितके खोल जाते, तितका ते उचलण्याचा वीजखर्चही वाढतो. गाळातील दाब फार घटला, तर चिकणमातीचे थर कायमचे आवळले जाऊन साठवणक्षमता नष्ट होऊ शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅन वाकीन खोऱ्यात अशाच कारणाने १९२५ ते १९७७ या काळात एके ठिकाणी जमीन ८ मी. हून अधिक खचली.

पुनर्भरण : बेसाल्टात मुरमाची जाडी पुरेशी असेल तेथे पाझर तलाव व नाला बंधारे उपयुक्त ठरतात. त्यांच्या तळाशी गाळ साचला की पाझर मंदावतो. म्हणून गाळ नियमितपणे काढणे हे बांधकामाइतकेच महत्त्वाचे आहे. गाळाच्या प्रदेशात वरच्या चिकणमातीमुळे तलावाचे पाणी खाली न जाता वाफ होऊन उडते. तेथे ही माती भेदून वाळूपर्यंत जाणारे पुनर्भरण कूप किंवा जुन्या कोरड्या विहिरी वापरतात. त्यांत सोडण्याचे पाणी आधी निवळून व रेतीच्या गाळणीतून घ्यावे लागते. अन्यथा कूप थोड्याच हंगामांत बुजतो. केंद्रीय भूजल मंडळाने यावल तालुक्यातील एका पाणलोट क्षेत्रात पाझर तलाव, पुनर्भरण कूप व विहिरी यांचे प्रयोग केले.

शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले रुंद व खोल करून त्यांवर ओळीने बिनदाराचे बंधारे बांधण्यात आले आणि धरणाचे जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडण्यात आले. हा ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. तथापि त्याच्या सरसकट अनुकरणाबाबत तज्ञांत मतभेद झाले. जलधर थर उघडा पडेपर्यंत नाला खोदल्यास शेजारच्या विहिरींचे पाणी त्यात झिरपून उलटा परिणाम होऊ शकतो. म्हणून खोदाईची खोली त्या त्या ठिकाणच्या थरांवरून ठरविणे आवश्यक असते.

बझाड्याच्या मोठ्या पार्यतेचा उपयोग करून घेण्याची सर्वांत मोठी योजना म्हणजे तापी महापुनर्भरण योजना. तीत तापीचे पुराचे पाणी कालव्यांनी वळवून सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात मुरविण्याची कल्पना आहे. महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे तिच्यासंबंधी करार केला. तीत सु. ३१ अब्ज घनफूट पाणी वापरण्याचे व महाराष्ट्रातील सु. २·३४ लाख हेक्टर क्षेत्रास लाभ देण्याचे नियोजन आहे.

नियमन : महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही संस्था निरीक्षण विहिरींतील पातळीची नियमित नोंद ठेवते. १९९३ च्या अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मी. च्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. त्यानंतरच्या २००९ च्या व्यापक भूजल अधिनियमात ६० मी. हून खोल विहिरींच्या नियंत्रणाची तरतूद आहे. ठिबक सिंचनाच्या प्रसारामुळे केळीच्या दर एकरी पाण्यात बचत होते. परंतु वाचलेल्या पाण्यावर लागवडीचे क्षेत्र वाढविल्यास एकूण उपसा तेवढाच राहतो. जलधर थर शेताच्या बांधापाशी थांबत नाही. त्यामुळे एका विहिरीचा हिशेब पुरेसा नसून संपूर्ण थराचा, म्हणजे त्यावरील सर्व गावांचा मिळून, पाण्याचा ताळेबंद मांडणे हाच खानदेशातील भूजल-व्यवस्थापनाचा पाया होय.