ट्युनिशियन क्रोशा: सुई कुठली घ्यायची, आणि विणलेलं गुंडाळतं का?

साखळी, मुका खांब, खांब एवढं येत असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठी. ट्युनिशियन क्रोशा. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या विणकामाच्या पुस्तकांत हाच प्रकार ‘ट्रिको’ म्हणून सापडतो आणि अमेरिकेत ‘अफगाण’ टाका म्हणून.

साध्या क्रोशात एक टाका पुरा करून मगच पुढचा घेतो. इथे आख्ख्या ओळीचे लूप आधी सुईवर गोळा करायचे आणि परतीच्या फेरीत सोडत यायचं. शेवटी घेतलेला लूप आधी सुटतो. माझ्या धंद्यातल्या लोकांना कळलं असेल, हा सरळ सरळ स्टॅक आहे!

म्हणूनच सुई वेगळी लागते. सगळी ओळ तिच्यावर मावली पाहिजे, दांडा एकसारखा जाड हवा आणि मागच्या टोकाला बोंड हवं, नाहीतर लूप मागून पळतात. तीसेक सेंटिमीटरची सरळ सुई मफलरला पुरते. शाल किंवा पांघरूण करायचं तर केबलवाली घ्या. लूप केबलवर सरकतात आणि वजन मांडीवर येतं, मनगटावर नाही. फक्त सुई आणि केबलच्या जोडावरून बोट फिरवून बघा. तिथे खाच लागली तर प्रत्येक ओळीत लोकर अडकणार. दोन्ही टोकांना आकडा असलेली सुईही मिळते, ती दोन रंगांत गोल विणायला. तिची आत्ता गरज नाही.

खरं तर पहिल्या दिवशी काहीच विकत घेऊ नका. घरातली साधी, मऊ मूठ नसलेली सुई घ्या, मागे रबरबँड गुंडाळा. पंधरा टाके आरामात बसतात. हात रमला तर मग पैसे खर्च करा.

आता विणूया. १५ साखळ्या घाला. सुईवर जो लूप आहे तो पहिला टाका, त्यामुळे दुसऱ्या साखळीपासून सुरुवात. साखळी उलटी केली की मागे छोटे उंचवटे दिसतात, त्यांच्यातून एकेक लूप ओढून सुईवर ठेवत जा. १५ झाले? आता काम उलटवायचं नाही, हे महत्त्वाचं. परतीला धागा घेऊन आधी एकाच लूपमधून काढा, मग दर वेळी दोन लूपमधून, सुईवर एक उरेपर्यंत.

समोर उभ्या दांड्या दिसतील. पहिली सोडा, दुसरीपासून प्रत्येक दांडीखालून उजवीकडून डावीकडे सुई घालून लूप ओढा. अगदी शेवटच्या टाक्यात कडेचे दोन्ही धागे घ्या, कड सरळ राहते. प्रत्येक ओळीत पंधरा मोजायचेच. बहुतेकांचा तो शेवटचा टाकाच सुटतो आणि विणकाम हळूहळू त्रिकोणी होतं.

आणि हो, ते गुंडाळणार. पाच-सहा ओळींनंतर खालची कड पुढे वळते आणि इथेच लोक सुई ठेवून देतात. तुमचा हात वाईट म्हणून हे होत नाही. या टाक्यात परतीच्या फेरीचा धागा मागे साठतो, मागची बाजू भरीव होते, आणि विण घट्ट असली की विणकाम पुढे वळतं. उपाय आहे जाड सुई. लेबलवर ४ मिलिमीटर लिहिलं असेल तर ५.५ किंवा ६ ची घ्या, आणि परतीला धागा खेचू नका. उरलेली वळण खरी लोकर असेल तर ओली करून, टाचण्या लावून सपाट वाळवली की जाते. ॲक्रिलिकला इस्त्री टेकवू नका हं, वितळतं. वरून नुसती वाफ द्या.

लोकर साध्या क्रोशापेक्षा जास्त लागते, कारण वीण दाट होते. उन्हाळी टॉपसाठी मी तरी हे सुचवणार नाही. मफलर, पिशवी, उशीचा अभ्रा मस्त होतात.

बंद करताना शेवटच्या ओळीत लूप सुईवर साठवू नका. दांडीखालून ओढलेला लूप लगेच सुईवरच्या लूपमधून काढा, म्हणजे वरची कड साखळीसारखी नीट बसते.