एफ-१ चालू, ए-१ बंद

सकाळी ९.१५

दिल्लीत रोहिणीच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये पावती खिडकीसमोर पोलीस शिपायांची रांग लागलेली असते. प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या कापडात शिवलेला पुलंदा, त्यावर लाखेची सीलं, आणि मालखान्याच्या मुन्शीने दिलेलं रोड सर्टिफिकेट. ऑगस्टातल्या दमट हवेत लाख मऊ पडते, सीलवरची अक्षरं फिसकटतात. मग खिडकीतला बाबू नमुन्याचं सील आणि पुलंद्यावरचं सील भिंग लावून जुळवत बसतो, रांग जागची हलत नाही. काम कंटाळवाणं आहे खरं, पण बचावाचा वकील पहिला घाव इथेच घालतो. त्यामुळे ‘जरा लवकर आटपा’ म्हणायची माझी छाती होत नाही.

मी बॅलिस्टिक्स विभागात आहे. हत्यारं आणि काडतुसं तपासणं हे आमचं काम.

१०.००

आजचा पहिला पुलंदा बाहेरच्या दिल्लीतल्या एका ठाण्याचा. उधारीवरून भांडण झालं, एकाने कमरेचा कट्टा काढून समोरच्याच्या छातीवर रोखला आणि चाप ओढला. नुसतं ‘खट्’ झालं. त्याने घोडा मागे खेचून परत ओढला. परत ‘खट्’. तोवर लोकांनी त्याला धरलं. तपास अधिकाऱ्याने पत्रात विचारलेले प्रश्न नेहमीचेच: हत्यार चालू स्थितीत आहे का, काडतुसं जिवंत आहेत का, दोन्ही १९५९च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बसतात का. गोळी का सुटली नाही, हे विचारलेलं नाही. सहसा कुणी विचारत नाही. कट्टा देशी होता, चालला नसेल, असं सगळे धरून चालतात. मला विचाराल तर हत्यारावर एवढा दोष आणि काडतुसावर एवढा विश्वास ठेवायचं काही कारण नाही.

सीलं तोडण्याआधी फोटो. मग खुणा करायच्या: कट्ट्याला एफ-१, नळीत अडकून राहिलेल्या काडतुसाला ए-१, खिशात सापडलेल्याला ए-२.

एफ-१ म्हणजे .३१५ बोअरचा, एका वेळी एकच काडतूस मावणारा गावठी कट्टा. नळी बहुधा गाडीच्या स्टिअरिंगच्या पाइपाची. आतून गुळगुळीत, गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत. मुठीच्या लाकडी फळ्यांना दोन स्क्रू, दोन वेगळ्या जातींचे. सगळ्या कट्ट्याला मात्र तेलाचा छान हात फिरवलेला. मालकाची माया दिसत होती.

दिल्लीत सापडणारे बरेचसे कट्टे .३१५चेच का, असं प्रशिक्षणाला आलेली मुलगी विचारते. ती संभाजीनगरच्या फॉरेन्सिक संस्थेतून आली आहे. लॅबमध्ये मला मॅडम म्हणते आणि कॅन्टीनमध्ये ताई. .३०३ हे लष्कराचं बोअर, इंग्रजांच्या काळापासून नागरिकांना बंद. म्हणून परवानाधारकांसाठी .३१५ आलं, म्हणजे ८ मिलिमीटर. त्याची काडतुसं कायदेशीर दुकानांत मिळतात, तिथून ती कुठे कुठे पाझरतात, आणि कट्टे बनवणारे मिळणाऱ्या काडतुसाच्या मापाने नळी कापतात.

आमच्या टेबलावर येणाऱ्या अशा काडतुसांच्या बुडावर फार वेळा ‘८ एमएम केएफ’ असा शिक्का असतो. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकीची, १८६९ सालची. माझं लहानपण त्या कारखान्याच्या भोंग्यावर गेलं; दिल्लीच्या गुन्हेगाराच्या खिशातून आलेल्या पितळेवर ती अक्षरं वाचताना पहिल्यांदा कसंसंच झालं होतं. ए-१चा शिक्का मात्र गंजाने खाल्लाय. कोणाचं काडतूस, कधीचं, सांगता येत नाही.

१०.५०

ए-१ सूक्ष्मदर्शकाखाली. काडतुसाच्या बुडात मधोमध एक छोटी टोपी असते, तिला आम्ही कॅप म्हणतो. चाप ओढला की पिन तिच्यावर आपटते, आतलं स्फोटक मिश्रण ठिणगी पाडतं, ती ठिणगी भोकातून पुढे जाऊन दारू पेटवते. यातला कुठलाही दुवा तुटला की नुसतं ‘खट्’.

कॅपवर दोन खड्डे होते, एकावर एक अर्धवट चढलेले. मध्यापासून जरा सरकलेले, कारण कट्ट्याच्या पिनेचं भोकच वाकडं आहे. पण दोन्ही खोल. पिन झिजलेली असती, स्प्रिंग मेलेली असती किंवा काडतूस नळीत पुढे घसरत असतं, तर खड्डा उथळ उमटला असता. इथे पिनेने आपलं काम दोनदा चोख केलंय. कॅपच्या कडेला पितळेचा हिरवा गंज आहे, आणि त्या गंजाला तुकतुकीत ओल आहे. या ओलीपाशी मी जरा थांबते. पाण्याची ओल अशी चमकत नाही.

फोटो, मोजमापं, नोंद. हे सगळं आधी, कारण यापुढे जे करणार त्याने पुरावा बदलणार.

११.३०

गोळीबाराची खोली. आधी हत्याराची परीक्षा, तीही लॅबच्या साठ्यातल्या चांगल्या काडतुसाने. गावठी कट्टा हातात धरून उडवायचा नाही, हा इथला पहिला धडा. तो शिकंज्यात आवळायचा, चापाला दोरी बांधायची, भिंतीआड जायचं आणि दोरी ओढायची. समोर कापसाने भरलेली लांब पेटी, गोळी तिच्यात जाऊन थांबते. धाड्कन आवाज झाला, मुलगी दचकली, मी नाही. एवढं तरी या नोकरीने शिकवलंय. एफ-१ चालू.

मग ए-२, खिशातलं. दोरी ओढली आणि ‘फट्’ असा पोकळ आवाज आला, ओल्या फटाक्याचा येतो तसा. मुलगी म्हणाली, “मॅडम, हेही मिसफायर,” आणि ए-१ घेऊन शिकंज्याकडे निघाली.

“थांब. जागची हलू नकोस.”

दारू कधीकधी उशिरा पेटते. ‘खट्’ झालं म्हणून लगेच उघडायला गेलं तर काडतूस तोंडावर फुटू शकतं. निदान अर्धा मिनिट नळी समोरच ठेवायची, हा जगभरच्या रेंजवरचा नियम. मी त्याहून जास्त थांबते. पण इथली भीती वेगळी होती. कॅप फुटली होती, तो आवाज तिचाच. मग गोळी गेली कुठे? कापसाच्या पेटीवर नवं भोक नव्हतं.

काडतूस बाहेर काढल्यावर पुंगळीतून न जळलेल्या दारूचे पिवळट दाणे सांडले. नळीच्या तोंडातून पितळेची सळई हळूच आत घातली तर ती मध्येच अडली. गोळी नळीच्या निम्म्यावर रुतून बसली होती. कॅपच्या एकट्या झटक्याने ती पुंगळीतून सुटली आणि मागून रेटा न आल्याने तिथेच थांबली.

कट्ट्याच्या बाबतीत मला सर्वात धोकादायक वाटतं ते हे. काडतूस अजिबात उडालं नाही तर माणूस वैतागतो, फार तर पळून जातो. पण असा फुसका बार झाला की वाटतं, गोळी गेली असेल. तो दुसरं काडतूस भरतो. नळीत बूच बसलेलं असतं. दुसऱ्या गोळीच्या मागचा वायू कोंडतो आणि जिथे जागा सापडेल तिथून बाहेर पडतो. चांगल्या कारखान्याची नळी असेल तर तिला बाहेरून कड्यासारखा फुगवटा येतो, तो बोटांना लागतो. स्टिअरिंगचा पाइप असेल तर तो फाटतो, आणि फाटताना मूठ धरलेल्या हाताची गय करत नाही. या प्रकरणात आरोपीने आधी ए-१ भरलं, ते बंद पडलं, म्हणून ए-२ची वेळच आली नाही. उलट क्रमाने भरलं असतं तर आज माझ्यासमोर आलेली फाइल कदाचित त्याच्याच जखमेची असती.

गोळी नळीतून बाहेर काढायला तास गेला. पितळेचीच सळई, लाकडी हातोडी, हलके ठोके. लोखंडी सळई घातली तर आतल्या खुणा बिघडतात.

दुपारी १.००

ए-१ लॅबच्या ईशापूर बनावटीच्या .३१५ रायफलीत घालून पाहिलं. इथे पिन सरळ, ठोका जोरदार. तरीही ‘खट्’. थांबलो. मग काडतूस उघडलं. दारू पुंगळीच्या भिंतीला चिकटून बसलेली, खरवडून काढावी लागली. ती फिल्टर पेपरवर ठेवली आणि थोड्या वेळाने दाण्यांभोवती पारदर्शक डाग पसरत गेला. तेल. कट्ट्याबरोबर त्याने काडतुसांनाही तेल पाजलं होतं. गंज चढू नये म्हणून लोक असं करतात, आणि तेल कॅपच्या फटीतून आत झिरपून मिश्रण मारून टाकतं. ए-२मध्ये कॅपपर्यंत पोचलं नव्हतं, दारूपर्यंत मात्र गोळीच्या बाजूने पोचलं असावं. डागाचा कागद रसायन विभागाकडे पाठवला. तेल कुठलं, ते तिथे कळेल.

डबा खाताना मुलीला २० जानेवारी १९४८ची गोष्ट सांगितली. बिर्ला भवनावर जाण्याच्या आधी, त्या दिवशी सकाळी, गोडसे-आपटे टोळीतले काहीजण इथेच दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत दोन रिव्हॉल्व्हर तपासायला गेले होते. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने लाल किल्ल्यातल्या खटल्यात ते सांगितलं. गोपाळ गोडसेचं रिव्हॉल्व्हर नीट चालेना, आणि दुसऱ्यातून उडवलेली गोळी समोरच्या झाडापर्यंत पोचलीच नाही. मग तेलाची बाटली आणि चाकू घेऊन दुरुस्ती सुरू झाली. गोळी झाडापर्यंत न पोचण्याचा दोष रिव्हॉल्व्हरचा की जुन्या, मलूल काडतुसाचा, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला पडल्याचं दिसत नाही. त्या संध्याकाळी झाला तो मदनलाल पाहवाचा गनकॉटनचा स्फोट, आणि दहा दिवसांनी जे पिस्तूल आलं ते बेरेटा होतं. तेव्हा सगळं चाललं, हत्यारही आणि काडतुसंही.

“ताई, म्हणजे तेव्हाही हत्यारालाच नावं ठेवली,” ती म्हणाली.

२.४०

रोहिणी कोर्ट. जुन्या प्रकरणात साक्ष. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल कोर्टात तसाच वाचता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९ आहे. तरी बोलावलं की जावं लागतं. दीड तास बाकावर.

बचावाच्या वकिलांचा मुद्दा एकच: गोळी सुटली नाही, मग खुनाचा प्रयत्न कसला? अशा वेळी मला पुण्याची आठवण येते. २२ जुलै १९३१, फर्ग्युसन कॉलेज. वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसनवर अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या आणि हॉटसन वाचला. जन्मभर ‘हॉटसन गोगटे’ म्हणूनच लोक त्यांना ओळखत राहिले. अपील मुंबई हायकोर्टात गेलं, १९३२ साली. मुख्य न्यायमूर्ती बोमंट यांच्यासमोरचा प्रश्न आजच्या वकिलांचाच होता. हॉटसन वाचला तो काडतुसात काही दोष होता म्हणून, किंवा खिशातलं चामडी पाकीट आणि नोटा आड आल्या म्हणून. कोर्टाने दोन्ही शक्यता धरल्या आणि तरीही शिक्षा कायम ठेवली. मारण्याच्या इराद्याने करायचं ते माणसाने करून झालं होतं. पुढे जे आडवं आलं ते त्याच्या हातातलं नव्हतं.

याच्या बरोबर उलट टोकाला त्याच हायकोर्टाचं १८६७चं कॅसिडी प्रकरण आहे. बंदूक भरलेली, पण टोपी चढवलेलीच नव्हती, आणि आरोपीला वाटत होतं ती आहे. कोर्टाने खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ लावायला नकार दिला, फक्त सर्वसाधारण प्रयत्नाचं कलम ५११ लागू शकतं म्हटलं. टोपी नसणं आणि टोपी मेलेली असणं यांतलं अंतर कायद्याने किती धरावं, हे ठरवायचं काम न्यायाधीशांचं. पण त्यांनी ते ठरवण्यासाठी टोपी होती का, तिच्यावर पिन आपटली का, ती का फुटली नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं. अहवालात ‘हत्यार चालू’ एवढंच असेल तर अर्धी गोष्ट फाइलीबाहेरच राहते.

वकिलांनी मला विचारलं, “पिस्तूल चालू होतं तर गोळी का नाही सुटली?” मी म्हटलं, माझ्या अहवालाचा चौथा परिच्छेद पाहावा. त्यांनी पाहिला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

४.५०

अहवाल. ठरलेली वाक्यं भराभर लिहून होतात: एफ-१ हे .३१५ बोअरचं देशी पिस्तूल, चालू स्थितीत. चाचणीत यशस्वीपणे गोळी झाडली. एफ-१, ए-१, ए-२ शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बसतात. यानंतर माझा चौथा परिच्छेद: ए-१च्या कॅपवर पिनेचे दोन खोल ठसे, काडतूस न उडण्याचं कारण हत्यारात आढळलं नाही, कॅप आणि दारू निकामी, ए-२मध्ये कॅप फुटली पण दारू पेटली नाही, गोळी नळीत अडकली.

साहेबांनी वाचून पेन खाली ठेवलं. “हे विचारलंय कुणी? कोर्टात उगाच फाटे फुटतात.” फाटे फुटतात हे खरंच. मी परिच्छेद ठेवला. त्यांनी मान हलवून सही केली; रागावले असतील, पण खोडला नाही.

संध्याकाळी ६.००

एफ-१, रिकाम्या पुंगळ्या, अडकलेली गोळी, ए-१चे सुटे भाग, सगळं वेगवेगळ्या डब्यांत, आता लॅबच्या सीलखाली. सकाळचाच शिपाई ठाण्याच्या दुसऱ्या कामातून परत आला होता. खिडकीतून त्याने विचारलं, “मॅडमजी, चलता है ना?”

“कट्टा चालतो. काडतूस नाही चालत.”

“तो लिख दूँ, चालू?”

मी अहवालाची प्रत त्याच्यापुढे सरकवली आणि चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. त्याने तो ओठ हलवत वाचला, आपल्या साहेबांना फोन लावला आणि ‘कारतूस में तेल’ असं तीनदा सांगितलं. पलीकडचे तपास अधिकारी बराच वेळ बोलत होते. मग त्याने फोन माझ्याकडे दिला. त्यांना घरझडतीत तेलाची बाटली मिळाली होती, जप्तीत घेतली नव्हती, आता घेता येईल का, असं विचारत होते. ते तुमच्या कायद्याचं, म्हटलं, पण मिळाली तर रसायन विभागाकडे पाठवा.

साठ्याच्या रजिस्टरमध्ये ८ मिलिमीटरचं एक काडतूस खर्ची टाकून मी सही केली.